दोन बोटं

धर्माने सदरा काढून श्वास भरला आणि कुंडलिकने त्याच्या छातीभोवती दोरी फिरवली. गाठ टोकाच्या पुढे गेली.

“दोन बोटं कमी.”

“मागच्या म्हैन्यात पन दोनच होती, बा.”

“मंग जेव नीट. शिपायाचा पोर भरतीतून परत पाठवला, असं लोकांनी म्हनायला नको. माप भरलं की मीच नेईन.”

सोळा साली, मागल्या महायुद्धात, पलटणीच्या हवालदाराने जिने छाती मोजली, त्या फितीबरोबर ही दोरी मापून घेतल्याचं कुंडलिक सांगे. बसऱ्याहून आणलेलं बिल्ल्यासारखं पदक तो दसऱ्याला कोयत्याशेजारी पूजत असे. बसऱ्याची गोष्ट मात्र तो आणि नथू नदीवर पाण्याला गेले, तिथेच थांबायची. नथू परतला नव्हता. त्याची आई धोंडूबाई समोरच्याच घरात राहत होती.

आता एक्केचाळीस साल होतं आणि सोमवारी मुरबाडला भरती होती. चावडीवरचा कागद धर्माच्या धाकट्या बहिणीने, सहावीतल्या शकूने वाचला होता: छाती तेहेतीस इंच. दादाला इंच कळत नव्हते. त्याचा भरवसा दोरीवर होता.

दुपारी शकूने शाळेची पट्टी दोरीला लावली. टोकापासून गाठीपर्यंत बरोबर तीन पट्ट्या. छत्तीस. गाठीच्या अलीकडे दोरी दोन ठिकाणी मुरडलेली होती, सोडलेल्या गाठी असतात तशी.

“कशाला घेतलीस गो ती?”

कुंडलिक दारात होता. हातात पदक, बोटांना राख.

“बा, ही छत्तीस भरते. कागदावर तेहेतीस हाय.”

तो पदक घासत राहिला. चकाकत होतं तरी घासत राहिला.

“नथू तेहेतीसच भरला होता,” तो म्हणाला. “बरोब्बर.”

समोरच्या ओटीवर धोंडूबाई तांदूळ पाखडत होती.

सोमवारी उजाडताच धर्मा सदरा काढून उभा राहिला.

“शके, आज तू मोज. बा दोरी लई आवळतो, गाठ पन त्याला नीट दिसत नाय. म्हातारा झाला.”

कुंडलिक पाठमोरा बसून वाटेसाठी भाकऱ्या फडक्यात बांधत होता. शकूने दादाच्या काखेखालून दोरी घेतली, ताणली. धर्माने छाती एवढी फुगवली की त्याचे कान लाल झाले.

“किती?”

फडक्याची गाठ मारता मारता कुंडलिकचे हात थांबले.

“दोन बोटं,” शकू म्हणाली. “कमीच.”

धर्माने श्वास सोडला.

कुंडलिकने फडकं सोडलं आणि भाकऱ्या परत टोपलीत ठेवल्या.