चटईवर ठेवलेली पुस्तकं

इसिकेलीला, म्हणजे आमच्या प्राचार्यांना, मी कितीदा तरी बजावलं होतं: पुस्तकं टेबलावर मांडा, चटईवर नको. पण ऐकेल तो प्राचार्य कसला! नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन, टेबलं यायला उशीर, आणि पाहुणे, नदीच्या वरच्या गावचे सरदार रातू नेमानी, तर येऊन बसलेसुद्धा. "असू द्या खालीच, बाई, छान दिसतंय," इसिकेली म्हणाला. छान दिसतंय म्हणे! अरे, तू काय आभाळातून पडलास? गावच्या मोठ्या सरदारापुढे अंथरलेल्या चटईवर जे ठेवाल ते त्याचं, हे आमच्या फिजीत शेंबड्या पोरालासुद्धा कळतं.

आणि पुस्तकं कुठली, तर लोसालिनीबाईंची!

आमचं कॉलेज नदीच्या तोंडाशी, शिक्षक घडवणारं, एवढंसं. ग्रंथालय सुरू झालं तेव्हा त्याला खोलीसुद्धा नव्हती. आमच्या पहिल्या ग्रंथपाल लोसालिनीबाईंनी खोबरं वाळवायच्या शेडमध्ये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत पुस्तकं ठेवली, कारण पत्र्याला वाळवी लागत नाही. मग बांबूची झोपडी झाली, ती वादळानं नेली. मग चर्चच्या ओसरीत दोन कपाटं, आणि मग सिमेंटची एक खोली. तिथं मी बाईंच्या हाताखाली लागले. पुस्तकं यायची ती परदेशी शाळांनी टाकून दिलेली, बर्फाच्या आणि कोल्ह्यांच्या गोष्टींची. आमच्या पोरांनी ना बर्फ पाहिलेला ना कोल्हा. एक दिवस बाई भडकल्या. "पुरे झालं हे उष्टं! आपली पुस्तकं आपणच करू," म्हणाल्या.

तेव्हापासून नियमच झाला. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलानं आपल्या बेटावरचे शब्द गोळा करून आणायचे. वाऱ्यांची नावं, माशांची, कंदांची, अंगाया, शिव्यासुद्धा. बाई टाईप करायच्या, मी शिवायची. पुठ्ठा मिळत नसे, म्हणून वर आमचं झाडाच्या सालीचं छापील कापड लावायची. तेच कापड आम्ही लग्नात आणि मयतीत आहेर म्हणून देतो. एका बेटाचं एक पुस्तक, आणि प्रत एकच. पुढे बाई गेल्या, शब्द सांगणारी म्हातारी माणसं गेली. ती बोली आता त्या पानांतच उरली आहे. प्रती काढा, प्रती काढा म्हणून मी दरवर्षी घसा फोडला. उत्तर ठरलेलं: "आधी इमारत, बाई. मग प्रती."

झाली बघा इमारत!

तर रातूंच्या वतीनं बोलणारा म्हातारा पेनी आहेर स्वीकारायला पुढे सरकला. चटईवर देवमाशाचा दात, विणलेल्या चटया, पेय घोटायच्या यांगोनाच्या मुळ्या, आणि शेजारी सालीच्या कापडातला तो गठ्ठा. त्याला काय स्वप्न पडलंय आत पुस्तकं आहेत म्हणून? त्यानं गठ्ठ्याला हात लावला, कॉलेजचे आभार मानले, आणि सगळ्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या. टाळी वाजली की आहेर पोचला. मी ओरडायला उठले, तर दोघींनी माझा घागरा धरून मला खाली ओढलं. इसिकेलीचा चेहरा पांढराफटक पडला. पण टाळ्या मात्र तोही वाजवत होता.

पाहुणे गेल्यावर मी त्याला गाठलं.

"आता जा आणि परत मागा."

"बाई, दिलेलं परत मागायचं? सगळ्या कॉलेजचं नाक कापलं जाईल."

"मग कापू दे! नाकावाचून कॉलेज चालेल, पुस्तकांवाचून ग्रंथालय कसं चालेल?"

"तसं नाही हो, कंप्युटर आलेत ना नवे..."

पुढचं मी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर हात उचलला असता.

सकाळी मी होडीत बसले आणि नदीतून वर, रातूंच्या गावाला गेले. माझी आई त्याच घरातली, रातूंची चुलत बहीण. म्हणजे मी भाची. आणि आमच्याकडे भाचरांचा हक्क काही साधासुधा नाही. मामाच्या गावात शिरायचं, हवं ते उचलायचं, 'नाही' म्हणायची कुणाची टाप नाही. एवढं आयुष्य गेलं, मी तिथली कोंबडीसुद्धा कधी उचलली नव्हती. आज मात्र मी पेटले होते.

धक्क्यावर बायका कपडे धूत होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि खिदळायला लागल्या. "अगं बाई, भाची आली! डुकरं लपवा!"

"डुकरं ठेवा तुमची तुम्हालाच," मी म्हटलं. "मामा कुठं आहेत?"

रातू पडवीत बसले होते. "ये गं पोरी. आईवर गेलीस, चाल बघून घाबरलो मी. काय नेणार? इंजिनाची होडी मागू नकोस म्हणजे झालं."

"मामा, कालची पुस्तकं. त्यांची एकेकच प्रत आहे."

त्यांचं हसू मावळलं. "ती होय? अगं, ती वाटली की काल. आहेर का कुणी एकट्यानं ठेवतं? चटया वाटल्या, पुस्तकंही वाटली. घराला एक. मला तरी कुठं ठाऊक होतं एकच प्रत आहे ते?"

मी घराघरात शिरले. "मी भाची, हे माझं," म्हणायचं आणि उचलायचं. कुणी हूं की चूं केलं नाही. एकीनं तर वर उकडलेला टॅरोचा कंदही दिला. एका घरी मात्र म्हातारा तंबाखू ओढत बसला होता आणि पुस्तकाचं पहिलं पान जागेवर नव्हतं. विडीला कागद हवा होता म्हणे! "कापड नाही हो फाडलं, कापड चांगलं आहे," तो मलाच समजावत होता. मी त्याला जे जे बोलले ते सगळं लोसालिनीबाईंच्या शिव्यांच्या पानांवर सापडेल. एक पान गेलं ते गेलंच.

शेवटच्या घरात माकेरेता होती, खेकडे विकणारी. उंबऱ्यात पोरं आणि बाया दाटीनं बसलेल्या, आणि ही बोट ठेवून मोठ्यानं वाऱ्यांची नावं वाचत होती. मी हात पुढे केला. तिनं लगेच दोन्ही हातांनी पुस्तक दिलं.

"घे बाई. हक्काला नाही कसं म्हणू? माझी आई वारा येतो तिकडच्या बेटावरची. ही तिची भाषा. काल त्यात अंगाई सापडली, आई मला म्हणायची तीच."

"मग आधी कॉलेजात का नाही आलीस वाचायला?"

"आले होते की! रखवालदारानं फाटकावरूनच हाकललं. पायात वहाणा नाहीत, गळ्यात ओळखपत्र नाही. म्हणाला, हे शिकलेल्यांचं आहे."

ते ऐकलं आणि कालपासूनचा राग एका जागी येऊन बसला. तिच्या आईचे शब्द, तिच्याच लोकांनी सांगितलेले, आणि ही फाटकाबाहेर! मी पुस्तक तिच्या हातात परत ठेवलं. "तूच धर हे. ऊठ, होडीत बस."

कॉलेजात इसिकेली धावत पायऱ्या उतरला. "शाब्बास, बाई! काचेचं कपाट मागवतो. कुलूप घालू. आता कॉलेजच्या पुस्तकांना कुणाचा हात लागायला नको."

"कॉलेजची कुठली पुस्तकं?"

"म्हणजे? ही काय!"

"कॉलेजनं ती काल दिली. टाळ्या तुम्हीही वाजवल्यात. रातूंची झाली. आज मी भाची म्हणून उचलली. भाचीनं उचललं ते भाचीचं. खोटं वाटत असेल तर विचारा जाऊन पेनीला."

विचारणार काय, कप्पाळ! त्यालाही सगळं ठाऊकच होतं. पोरं वऱ्हांड्यात गोळा झाली होती.

"मग... आता काय करायचं, बाई?"

"मागा की. मागायचं कसं ते मी शिकवू?"

सूट घातलेला आमचा प्राचार्य इकडेतिकडे बघत राहिला. मग हळूच खाली, चकचकीत फरशीवर मांडी घालून बसला आणि मान खाली घातली. "बाई, कॉलेजला ही पुस्तकं द्या. मी हात जोडतो."

"प्रती कधी काढणार?"

"या आठवड्यात. शब्द देतो."

"आणि आधी ते फाटक उघडा," मी म्हटलं. "एक पुस्तक बाहेर माकेरेताच्या हातात आहे, तुमच्या रखवालदारानं तिला आजही अडवलंय. अनवाणी आहे ती, तशीच आत येईल."