पत्र्याच्या आतली खूण

शेवटची क्लिप निघता निघेना, म्हणून पेंटरने गुडघा टेकवला आणि मोटारीच्या दाराचं आतलं आवरण दोन्ही हातांनी ओढलं. ते कटकट करत सुटलं आणि आतला पत्रा उघडा पडला.

"मोडलंत का काही?" पाठीमागून बाईंनी विचारलं.

"तुम्ही मोडलंय त्याहून जास्त काय मोडणार?"

बाई हसल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या गाडी शिकल्या होत्या आणि आज सकाळी स्वतःच्याच फाटकाला मागचं दार घासून आल्या होत्या. फाटकाला साधा ओरखडाही आला नाही, याचा त्यांना जास्त राग होता. गॅरेजच्या कोपऱ्यात कुठल्याशा मोटारीची काढून ठेवलेली सीट होती, तिच्यावर ऐसपैस बसून त्या चहा पीत होत्या.

पेंटरने बॅटरीचा उजेड आत टाकला. पोचा मागून ठोकायला हातोडी कुठून घालता येईल ते त्याला बघायचं होतं. नव्या पोच्याच्या शेजारी एक जुना, ठोकून सरळ केलेला दिसला. हातोडीचे बारीक घाव, एकाला एक लागून, सगळे एकाच बाजूला कललेले. त्यांच्या कडेला मार्करने काढलेल्या दोन फुल्या.

त्याने बॅटरी खाली ठेवली. हात पॅंटला पुसले, बॅटरी पुन्हा उचलली. फुल्या जागच्या जागी होत्या.

असे घाव डावखुऱ्या माणसाचेच. दादा डावखुरा होता. अठरा वर्षं दोघा भावांनी एका छपराखाली काम केलं होतं, पत्रा दादाचा आणि रंग धाकट्याचा. ठोकून ठोकून पत्रा जिथे पातळ झाला असेल तिथे दादा आतून फुली मारायचा. बाहेरून घासताना इथे हात आवर, एवढाच तिचा अर्थ. दोघांतच ठरलेली गोष्ट होती, तिसऱ्या माणसाला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मग एकदा दादा तापाने पडला होता आणि गिऱ्हाइकाने घाई लावली होती. धाकट्याने पोचा न ठोकताच त्यावर पुट्टी थापली आणि वरून रंग मारून दिला. दोन महिन्यांत पुट्टी तडकली. दादा गिऱ्हाइकासमोरच नको ते बोलला, मग धाकट्यानेही काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी दादा म्हणाला, "जा. रंगवायला तुझ्यासारखे छप्पन मिळतील." त्याच दुपारी स्प्रे गन पिशवीत घालून तो निघाला, त्याला आता अकरा वर्षं होत आली होती.

इथे आल्यावर ठोकायचं कामही गळ्यात पडलं. ते त्याला कधीच साधलं नाही, पुट्टीवरच निभावून नेत होता. पत्रा वाकडा बसला की दादाची आठवण यायची आणि पत्रा रोजच वाकडा बसायचा. दादाचा नंबर त्याला तोंडपाठ होता. पण फोन लावला आणि पलीकडून "कोण?" असं आलं तर काय सांगायचं, इथेच गाडं अडायचं.

म्हणजे आता दादाने ही फुली दुसऱ्या कुणा पेंटरला शिकवली होती. ते त्याला फार लागलं. दुकान त्या माणसाच्या नावावर केलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

छप्पनांतला हा कोण शहाणा निघाला ते बघायला तो दाराच्या बाहेरच्या बाजूला आला. जुन्या रंगावरून बोट फिरवलं. खालच्या कडेला दोन ओघळ तसेच सुकले होते आणि वरचा भाग संत्र्याच्या सालीसारखा लागत होता. गन पत्र्याच्या अगदी जवळ धरलेली. पहिल्या आठवड्यातला शिकाऊही असा रंग मारत नाही. त्याला जरा बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"बाई, हे आधीचं काम कुठे केलंत?"

"गेल्या वर्षी मुलीकडे गेले होते ना, तिथे. तिच्या घराजवळ एक वयस्कर डेंटर आहेत. काय हात बसलाय हो त्यांचा!"

"ठोकलंय चांगलं. पण रंग कुणी फासला हा?"

"त्यांनीच."

"त्यांनी? पेंटर नाही ठेवला कुणी?"

"मीसुद्धा तेच विचारलं. पत्रा अकराला सरळ झाला, पुढे काही हलेना. तर म्हणतात, रंगाचं सगळं माझा भाऊ बघतो. तो जरा बाहेर गेलाय. बसा, जेवायला येईल एवढ्यात." बाईंनी कप खाली ठेवला. "चारपर्यंत बसले मी. भावाचा पत्ता नाही. मग बिचाऱ्यांनी स्वतःच गन हातात घेतली. वर मलाच सांगतात, भाऊ आला की गाडी घेऊन या, तो नीट करून देईल."

पेंटर दाराशी उकिडवा बसला. घासायचा कागद त्याने बादलीत बुडवला, पिळला, परत बुडवला. दादाला एकदा बघायचं होतं, नुसतं लांबून दिसला तरी चाललं असतं, हे गेली अकरा वर्षं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"काय एकेक लोक असतात!" बाई म्हणाल्या. "मोठा भाऊ ताटावर थांबलेला, आणि याचा पत्ता नाही."

"त्याचं तसंच आहे," पेंटर म्हणाला. "उशीर करतो."

"तुम्ही ओळखता त्याला?"

त्याने ओल्या कागदाने ते दोन ओघळ घासायला घेतले.

"बरं, माझी गाडी कधी देताय?"

"उद्या संध्याकाळी. परवा मात्र येऊ नका, दुकान बंद आहे."

"परवा कसली सुट्टी?"

"जेवायला जायचंय," तो म्हणाला.