अर्धं औषध आणि वळणामागचा कोंब

मित्रांनो, नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या. मी दवाखान्यातली एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघणारी नव्हे, माणसाचं मोठं आतडं आतून बघणारी. लांब, काळी, वळवाल तशी वळणारी. टोकाला डोळा आणि दिवा. कारखान्यातून मऊ गादीच्या पेटीत आले तेव्हा काय माझा थाट होता! बाहेर कुणी कितीही तोरा मिरवो, आतून सगळे सारखेच गुलाबी, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

एवढं बघूनही कपडे शिवणाऱ्या त्या ताईंनी मला हादरवलं.

त्यांच्या दादाला आतड्याचा कर्करोग झाला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सख्ख्या भावंडांनाही तपासायला बोलावलं. ताई आल्या. सोबत आलेला धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला, "मी ठणठणीत आहे. मला कशाला हे नसते उद्योग?"

मी ताईंच्या आत शिरले आणि हबकलेच. सगळा चिखल!

"पोट साफ करायचं औषध सगळं प्यायलात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अर्धं प्यायले. पोट साफ झालंसं वाटलं, उरलेलं मोरीत ओतलं."

"मग मी काय बघू, कपाळ माझं?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

पुढच्या खेपेला ताई सगळं पिऊन आल्या. आतडं घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. एका वळणामागे डोकावले आणि माझा डोळा तिथेच खिळला. देठावर उभा असलेला मांसाचा लालबुंद कोंब, अगदी अळंबीसारखा! यालाच पॉलिप म्हणतात. मागच्या खेपेला हा चिखलाखाली लपून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्यातून तारेचा फास सोडला, देठ आवळला आणि कोंब कापून काढला.

फोटो बघून ताई पांढऱ्याफटक पडल्या. "हे माझ्या पोटात? अहो, मला कधी साधी कळसुद्धा आली नाही!"

"बहुतेकदा येतच नाही. सगळेच कोंब बिघडत नाहीत, पण काहींचा पुढे कर्करोग होतो. दादांचंही असंच सुरू झालं असणार."

तपासणीत ताईंच्या कोंबात कर्करोग निघाला नाही. पण जात बिघडणारीच होती. निकाल ऐकताच ताईंनी धाकट्याचं मनगट धरलं.

"जीव मोरीत ओतत होते रे मी! तू शेवटच्या घोटापर्यंत पिणार आणि मी समोर बसणार."

"अगं ताई, पण मला काही होत नाही..."

"मला तरी कुठे होत होतं?"

त्याने तिथेच तपासणीची तारीख घेतली.

आता नवी चकचकीत दुर्बीण आली आहे. मला कपाटात टांगून ठेवतात, विचारतंय कोण? पण धाकटा आला तेव्हा ती महाराणी धुण्यात होती. मलाच काढलं.

मित्रांनो, माझी काळजी दवाखान्यातली मावशी घेते, आतबाहेर घासून धुते. तुमच्या घरच्या मोठ्यांना मात्र लाज सोडा म्हणून तुम्हीच सांगा. डॉक्टर बोलावतील तेव्हा जा म्हणावं, आणि औषध पुरतं प्या म्हणावं.

कारण धाकट्याच्याही वळणामागे एक कोंब उभा होता. ठणठणीत म्हणे!