अकरा सेकंद

मंडणगडच्या वरच्या अंगाला जांभ्या चिऱ्याची एक खाण आहे. तिथला पोकलेन तपासण्यासाठी मला बोलावणे आले, तेव्हा भागोजीला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

शिवा हा त्या यंत्राचा चालक. बादलीला साखळीने बांधलेला एक मोठा दगड तो अगदी सावकाश उतरवत होता आणि समोर उभा राहून भागोजी त्याला हाताने खुणा करत होता. एकाएकी इंजिनाचा वेग चढला, दगडाने झोका घेतला आणि भागोजी त्याच्या वाटेत सापडला. वेगाच्या डायलला आपण हातच लावला नाही, असे शिवाचे म्हणणे. दोघांची बांधावरून जुनी अढी होती, असे गावाचे म्हणणे. खाणीचा मालक अजिंक्य याने ठरवले की मास्तर जे लिहून देतील तेच पोलिसांपुढे ठेवायचे. मास्तर म्हणजे मी. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यावर एकोणचाळीस वर्षे मी डिझेल इंजिने उघडली, आणि इतरांना उघडायला शिकवले. शिवाही माझ्याच हाताखाली शिकलेला.

"मास्तर, डायल एकावर व्हता," शिवा म्हणाला. त्याची हनुवटी वाळून टोकदार झाली होती. "आनि त्या दिसापास्नं रोज व्हतंय. गाडी नुसती चालू ठेवली ना, की बाराच्या सुमाराला आपोआप वर चडते. जरा येळ ऱ्हाते, परत खाली येते."

"तू आत बसलेला असताना?"

"आत कोनच नसताना."

अजिंक्य हसला. "कामगार दुपारी खाणीत थांबत नाहीत, मास्तर. डबे घेऊन वर काजूखाली जाऊन बसतात. म्हणे भागोजी हजेरी लावायला येतो. जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही, आता येतोय!"

त्याच्या हसण्यात कोणी सामील झाले नाही.

मी पद्धतीप्रमाणे आरंभ केला. डायल एकावर ठेवला, इंजिन सुरू केले, झाकण उघडून शेजारी मीटर आणि घड्याळ घेऊन बसलो. तिन्ही बाजूंना कापलेल्या लाल भिंती होत्या. वारा खाली उतरत नव्हता. बारा वाजून सात मिनिटांनी इंजिनाचा सूर बदलला. वेग मिनिटाला आठशे फेऱ्यांवरून सतराशेवर गेला, तिथे स्थिर राहिला, मग पुन्हा खाली आला. अकरा सेकंद. त्या अवधीत मी केबिनकडे पाहिले. रिकाम्या आसनापुढे दोन्ही दांडे निश्चल उभे होते.

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही, तारेवर ठेवतो. या इंजिनात चालकाचा हात थेट पंपापर्यंत पोहोचत नाही. डायल संगणकाला हुकूम देतो, संगणक एका छोट्या मोटारीला, आणि ती मोटार केबल ओढून पंपावरचा लिव्हर उचलते. आपण कुठवर ओढले हे मोटार एका बारीक तारेने संगणकाला कळवते. ती तार खोटे बोलली, की संगणकाला वाटते मोटार अजून मागेच आहे, आणि तो तिला ओढतच राहायला सांगतो.

मोटारीचा प्लग उघडला. तिसऱ्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा गंज फुलला होता. गरम हवेचा झोत मारला, तशी मीटरवर त्या तारेची खूण तुटली आणि मोटार सरकली. झोत काढला, खूण परत आली. दुपारी झाकणाखालचा पत्रा तापला की नेमके हेच घडत होते. शिवा खाली जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला.

गंज कसा आला हे पाहण्यासाठी मी चिमट्याने प्लगचा तळ कोरला. नखाएवढा पांढरा कपचा निघाला. एका कडेला लाल डाग होता. वाळलेले खोबरे, आणि कुंकू.

मी तो मुठीत धरला. शिवाला दाखवला नाही.

खंडेनवमीला यंत्रपूजेसाठी अजिंक्यने मला मानाने बोलावले होते. सगळे गोळा झाल्यावर मीच झाकण उघडायला लावले, मोटारीवर बोट ठेवून म्हणालो, "हा या राक्षसाचा हात," आणि शेजारच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. पाणी प्लगवर उडाले. मी रुमालाने वरवर पुसले. प्लग उघडून पाहिला नाही. त्या वेळी लोक माझ्याकडे पाहत होते. भागोजीने सर्वांना खोबरे वाटले होते.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला: खाऱ्या हवेमुळे प्लगमध्ये गंज, चालक निर्दोष. अजिंक्यने वाचला, समाधानाने त्याची घडी केली. मी नवा प्लग बसवला. शिवा सुटत होता. आणखी काय हवे, असे मी स्वतःला विचारले, आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी खात्रीची चाचणी होती. मी आणखी एक काळजी घेतली: केबल लिव्हरवरून काढूनच टाकली. मग इंजिन सुरू केले. आता मोटार काहीही करो, पंपाला ते कळणारच नव्हते.

बारा वाजून गेल्यावर सोनूबाई आली, भागोजीची बायको. तो पडला त्या जागी ती रोज पानावर भात ठेवत असे. शिवा बाजूला झाला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

"काय निगालां, मास्तर?"

"शिवाचा दोष नाही. खाऱ्या हवेने तार गंजली."

तिने पान खाली ठेवले. "खारी हवा? हितं? हर्ण्याच्या दर्याचा वारा माज्या अंगनात कंदी आला नाय, तुमच्या गाडीत बरा घुसला!"

मी उत्तर देण्याआधीच इंजिन चढले.

मी लिव्हरकडे पाहिले. केबल माझ्या हातात होती. लिव्हर स्प्रिंगच्या जोराविरुद्ध हळूहळू वर उचलला जात होता. झटक्याने नव्हे, तर माणूस जड वस्तू जपून उचलतो तसा. तो वर थांबला. मी सेकंद मोजले, कारण मला दुसरे काही करता आले नाही. अकरा. मग तो तसाच जपून खाली बसला. पानावरचा भात हलला नव्हता, पण त्याभोवतीच्या तांबड्या धुळीत बारीक लहरी उमटल्या होत्या.

"त्यान हात वर केलान की गाडी चडायची," सोनूबाई शांतपणे म्हणाली. "धा वर्सां तसांच व्हतां. आता कायतरी इचारतोय तो. कुनाला, तां मला नाय कळत."

मला कळले. मी इंजिन बंद केले. अजिंक्यकडून तो कागद परत मागून घेतला.

"मास्तर, कशाला?" तो हळूच म्हणाला. "शिवा सुटला ना? विषय संपला."

"शिवा सुटला. मी नाही."

वर काजूखाली डबे घेऊन बसलेल्या सगळ्या कामगारांना खाली खाणीत बोलावून, मी दुसरा अहवाल लिहिला आणि मोठ्याने वाचला. त्यात खंडेनवमीची तारीख होती, लोखंडी पट्टी होती, रुमाल होता, आणि माझे पूर्ण नाव होते. खोबऱ्याचा कपचा मी सोनूबाईच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ तळहातावर फिरवला.

"मीबी खाल्ला व्हता," ती म्हणाली. "त्यान घरी आनलान व्हता माज्यासाटी."

मग तिने मान वळवून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, शिवाकडे पाहिले. "तू जेवतोस का रं?"

तिने पानावरचा भात तसाच राहू दिला आणि आपला डबा त्याच्यापुढे सरकवला.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. अजिंक्यने दुसरा अहवाल पोलिसांकडे पोहोचवला होता. मला सोमवारी जबाबासाठी बोलावले होते. केबल अजून सुटीच होती. इंजिन सुरू करून मी उजव्या हाताचे बोट लिव्हरवर टेकवले आणि घड्याळ पाहत बसलो. बारा वाजून सात मिनिटे झाली. सूर बदलला नाही. मात्र बोटाखाली काहीतरी जाणवले. उठू पाहणारा माणूस आधारासाठी आपल्या हातावर क्षणभर हात टेकतो, तेवढेच वजन. मी मोजायला लागलो, पण दोनपर्यंतही पोहोचलो नाही.

मग मी केबल जोडली, झाकण लावले, आणि शिवाला वर बसायला सांगितले.