हळदीशिवाय कुंकू

सुनंदाबाईंनी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, त्यात त्यांचं काय चुकलं, सांगा! शिवणयंत्राला झेंडू, मिक्सरला झेंडू, मग सुनेच्या कामाच्या यंत्रालाच तेवढं कोरडं ठेवायचं? आता ऐन वेळी हळदीचा डबा रिकामा निघाला आणि वाणी दुकान बंद करून गावाला गेलेला, म्हणून नुसतं कुंकू लावलं. ते तरी लावायचं कुठे? यंत्राला कपाळ नसतं. पुढच्या अंगाला एक चौकोनी बटण होतं, तेच त्यांनी कपाळ धरलं. कुंकू नीट चिकटावं म्हणून बोट चांगलं दाबलं.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर रांगायला लागला.

अठ्ठ्याऐंशी साल ते. मुलुंडात कोणाच्या घरी कॉम्प्युटर असणं हेच केवढं अप्रूप! अनुपमाने फोर्टातली नोकरी सोडून घरी कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका करून द्यायचं काम धरलं होतं. शरच्चंद्र, म्हणजे तिचे सासरे, पहिल्यापासून नाराज. सुनंदाबाई मात्र सुनेच्या बाजूने हट्टाने उभ्या राहिल्या होत्या. आणि आता चहा पिऊन होईपर्यंत निघणारी पत्रिका जेवण आटोपलं तरी निघेना.

अनुपमाने काय करायचं ठेवलं नाही! फ्लॉप्या पुसल्या, जुन्या पत्रिका पुसून जागा मोकळी केली, टेबलफॅन लावला. अंधेरीचा दुकानदार म्हणाला, दिवाळीनंतर बघू. त्याच्याच माणसाने मशीन लावताना ते चौकोनी बटण आत दाबून ताकीद दिली होती, की याला कोणी हात लावायचा नाही. म्हणून अनुपमाने कुंकवाने माखलेल्या त्या बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि कुंकू लावणं म्हणजे का हात लावणं? सुनंदाबाईंच्या तर ते मनातही आलं नाही.

"रविवारी सुंदराबाई येतायत ना?" शरच्चंद्र म्हणाले. "त्या नाही म्हणाल्या, की हा डबा परत आणि सूनबाई ऑफिसात."

सुंदराबाईंचं घाटकोपरला वधूवर मंडळ होतं. तुळशीचं लग्न लागलं की त्यांच्याकडे पत्रिकांचा नुसता पाऊस. त्या हो म्हणाल्या तर वर्षभराची ददात मिटणार होती.

रविवारी सुंदराबाई आल्या, ऐसपैस बसल्या, चहाचा कप हातात घेतला आणि एक जन्मवेळ सांगितली. अनुपमाने आकडे भरले. पडदा ढिम्म. सुंदराबाईंनी घड्याळ पाहिलं. शरच्चंद्रांनी मुद्दाम खाकरून घेतलं. सुनेचा उतरलेला चेहरा पाहून सुनंदाबाईंचा जीव कळवळला. त्या तडक देवघरात गेल्या, बोटावर कुंकू घेतलं आणि "बाई गं, पाव आता" म्हणत तिथेच, बटणावर टेकवलं.

टक्!

आकडे भराभर पळायला लागले. प्रिंटर कर्र कर्र करत कागद ओकायला लागला.

"अगंबाई, चहा अजून गरम आहे!" सुंदराबाई उठूनच उभ्या राहिल्या. "यंत्राला पावते हो तुमची देवी! आता माझ्या प्रत्येक पत्रिकेआधी कुंकू लावायचं. तर काम तुम्हालाच."

सुनंदाबाई हरखून पुन्हा बोट पुढे करणार, तोच अनुपमाने मनगट धरलं आणि कानाशी पुटपुटली, "आई, नको! आत्ता कळलं मला, हे बटण एकदा दाबलं की मशीन हळू होतं, पुन्हा दाबलं की जोरात. दसऱ्याला तुम्ही…"

सुनंदाबाईंनी बोट मागे घेतलं. म्हणजे पोरगी रोज डोळे पुसत होती ती आपल्यामुळे! त्यांना रडूच फुटणार होतं. पण समोर सुंदराबाई पिशवीतून जाडजूड गठ्ठा काढत होत्या आणि म्हणत होत्या, "लावा ना, लावा! थांबलात का?"

सुनंदाबाईंनी डोळे टिपले, पदर खोचला आणि ठसक्यात म्हणाल्या, "नुसतं कुंकू नाही हो चालत. सवाष्णीला लावतो तसंच यालाही. आधी हळद, मग कुंकू. दसऱ्याला मी हळद लावली नाही, तिथेच तर सगळी वाट लागली!"

अनुपमा आ वासून बघत राहिली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"अहो," सुनंदाबाई नवऱ्याकडे वळल्या, "बसलाय काय? घरात शेजारून आणलेली चिमूटभरच हळद आहे. वाणी आलाय गावाहून, किलोभर घेऊन या."

शरच्चंद्र मुकाट्याने पिशवी शोधायला लागले. सुनंदाबाईंनी डब्याच्या तळाची हळद बोटावर घेतली. टक्. मग कुंकू. टक्. आणि प्रिंटर दुसऱ्या पत्रिकेला लागला.