अर्धी भाकरी

जोतीरामला हार्टअ‍ॅटॅक आला, ही गोष्ट हरणाबाईंच्या काही केल्या गळी उतरेना. वीस वर्षं फौजेत काढलेला, अजून रोज पहाटे शिराळ्याच्या रस्त्यावर धावणारा, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा त्यांचा मुलगा चव्वेचाळिसाव्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात नळ्या लावून पडला होता.

"बाई, ह्येला कसलं येसन न्हाई," त्यांनी डॉक्टरीणबाईंना तिसऱ्यांदा सांगितलं. "मग ह्यो रोग आला कुटनं?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. "आजी, जन्मले तेव्हा यांचं वजन किती होतं?"

आता हा तर हरणाबाईंचा हातखंडा विषय. गावातल्या निम्म्या गरोदर सुनांना त्यांनीच शहाणं केलेलं. त्या जरा ताठ बसल्या.

"पावणेदोन किलो. नर्सबाईनं मापलं हुतं. सातव्यापास्नं मी अर्धीच भाकरी खायाची. पोर बारीक ऱ्हातं, बाई सुकानं सुटती. मला घटकाभर बी तरास न्हाई झाला."

डॉक्टरीणबाईंनी तो आकडा कागदावर लिहिला. "हे एकच कारण, असं मी म्हणणार नाही. पण पोटात असताना उपाशी राहिलेल्या बाळांना मोठेपणी रक्तदाबाचा, हृदयाचा धोका जास्त असतो."

हरणाबाईंनी चव्वेचाळीस वर्षं ज्याचा तोरा मिरवला, ते असं अंगावर आलं. आणि लगेच त्यांना नात आठवली. घरी जोतीरामची लेक संयोगिता पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचा सातवा सरत आला होता.

जिन्यात येऊन त्यांनी तिला फोन लावला.

"जेवलीस का गं?"

"व्हय आजी. तू सांगितल्यागत अर्धीच खाल्ली."

"उरलेली कुटं हाय?"

"भाकरीच्या बुट्टीत."

"घे ती. दुदात कुस्कर आन् खा. आनखी एक थाप. वर आंडं खा."

"आगं, बाळ मोटं झालं तर आवघड जाईल, तूच म्हनालीस न्हवं?"

"चुकलं माजं," हरणाबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांनी जन्मात कुणापुढे काढले नव्हते. "खा तू. मी फोन धरून हाय."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. येणारे-जाणारे धक्के देत होते, पण त्या हलल्या नाहीत. नातीनं शेवटचा घास गिळेपर्यंत त्या फोन कानाशी दाबून तिथंच उभ्या राहिल्या.