धुतलेला डबा

गारगोटीची सकाळची एसटी कोल्हापूरच्या स्टँडात शिरली, की पिराजी शिपाई टपावरचे डबे उतरवून सायकलला अडकवायचा. कॉलेजच्या बोर्डिंगातल्या पोरांचं हे घरचं जेवण. जेवणं झाली की डबे धुऊन दुपारच्या गाडीनं परत जायचे. धुतलेला डबा घरी पोचला, की आई समजायची, लेकरू जेवलं. पत्रबित्र लिहायची गरजच नव्हती.

१९७४च्या ऑगस्टात आकारामचा डबा आठ दिवस असाच धुऊन परत जात होता. आकाराम मात्र बोर्डिंगात नव्हता. डबा घासत होते रेक्टर अंबादास सर.

सर गणिताचे प्राध्यापक, पंचेचाळिशीचे, बिनलग्नाचे. का बिनलग्नाचे, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणाला कळू नये यातच त्यांची उमर गेली होती. याच बोर्डिंगात विद्यार्थी असताना त्यांचाही एका मित्रावर जीव जडला होता. त्यांनी ते मुकाट गिळलं. आकारामला गिळणं जमलं नाही. त्यानं हॉलमधल्याच हंबीररावाला चार ओळींची चिठ्ठी लिहिली, आणि त्या शहाण्यानं ती भर पंगतीत मोठ्यानं वाचली. तेव्हापासून वीस खाटांच्या हॉलमध्ये पोराचे हाल कुत्रा खाईना. कधी गादीवर पाणी, कधी चौघांनी धरून अंगाला लुगडं गुंडाळणं.

सरांनी एक गोष्ट केली, आणि ती चांगली केली. आपल्या शेजारची ट्रंका ठेवायची खोली रिकामी करून दिली आणि सुतार बोलावून दाराला आतून कडी बसवली. आकारामनं ती तीनदा लावून पाहिली. "सर, आज मी गाढ झोपनार," म्हणाला. पंधरा दिवसांत आणखी दोन गप्प गप्प पोरं अभ्यासाच्या निमित्तानं तिथं येऊन बसू लागली. कुणी कुणाला काही विचारत नसे. भिंतीपलीकडून हसू मात्र ऐकू यायचं, आणि सर पेपर तपासायचे थांबून ऐकत बसायचे.

मग प्राचार्य नृसिंहरावांनी बोलावणं धाडलं. ते ओरडले नाहीत. सुपारी कातरत म्हणाले, "अंबादासपंत, तुम्ही एकटे. शेजारी ते पोर. लोक बोलायला लागलेत. तुमच्याबद्दलही."

बस्स, तेवढ्यानं सरांची पाचावर धारण बसली. त्याच संध्याकाळी त्यांनी आकारामची वळकटी स्वतःच्या हातानं हॉलमध्ये नेऊन ठेवली.

"सर, तुमीबी?" पोरानं विचारलं. सरांनी वळकटी खाटेवर सोडली आणि ते दाराकडं वळले. तिसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती.

सर स्टँड फिरले, रंकाळा फिरले, तालमींतून विचारून आले. पोलिसांत जायचं तर कारण सांगावं लागणार. गावी कळवायचं तरी तेच. येईल उद्या, येईल परवा, असं म्हणत ते रोज डब्यातली भाकरी बोर्डिंगामागच्या गायीला घालायचे, राखेनं डबा लख्ख घासायचे आणि पिराजीच्या हाती द्यायचे. भित्रेपणालाही काही सीमा असते. सरांनी ती रोज दुपारी ओलांडली.

नवव्या दिवशी पिराजी डबा टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, कंडक्टर सांगत हुता. आकाराम पंचमीला गावाकडं गेलता, तवा आईला खोलीचं सांगितलंय म्हनं. ती म्हनत्या, सरांनी पोराला वायली खोली दिली, लई उपकार झालं. आजपास्नं दोन भाकरी जास्तीच्या, त्या सरांच्या."

सरांनी झाकण उघडलं नाही. डबा उचलला आणि तडक स्टँड गाठला.

"डबा माझ्याकडं द्या की पावणं," कंडक्टर म्हणाला. "रोज पोचवतोय मी."

"आज मीच नेतो."

सर गावी पोचले तेव्हा आकारामची आई धोंडुबाई गोठ्यात धार काढत होत्या. तशाच उठल्या, पदर सावरला, सरांना ओळखून तोंडभर हसल्या. "या की सर! पोरगं न्हाय आलं संगट?"

सरांनी डबा पुढं केला. बाईंनी तो घेतला. हाताला वजन लागलं आणि हसू मावळलं.

"जेवला न्हाय त्यो?"

"तो बोर्डिंगात नाही, बाई. आज नऊ दिवस झाले. कुठं गेला, माहीत नाही. त्या खोलीतनं त्याला मीच बाहेर काढलं."

बाई पायरीवर बसल्या. डबा मांडीवर घेऊन झाकणावरून हात फिरवला. मग हळूच मान वर केली.

"मग सर, डबा धुऊन कोन धाडत हुतं?"

"मी," अंबादास सर म्हणाले.